खोली बघताना पूररेषाही बघा

कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या पोरांनी भाड्याची खोली कशी शोधावी, यावर इथं बरेच सल्ले आलेत. त्यातलं प्रवेश पक्का झाल्याशिवाय खोलीची अनामत भरू नका, हे म्हणणं पटलं. पण "मे महिन्यात निवांत फिरून खोली ठरवून ठेवा" या सल्ल्याला माझा विरोध आहे. मे महिन्यात कोल्हापुरातली प्रत्येक गल्ली कोरडी आणि छानच दिसते. शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग, दुधाळी, जयंती नाल्याकाठच्या वसाहती, इथं २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं होतं. आणि हे नेमके कॉलेज सुरू होण्याचे दिवस! तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तरी पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, मालकाला नको. विद्यापीठाकडची सागरमाळ, राजेंद्रनगर ही बाजू उंचावर आहे.

अजून एक, जे इथं कुणी लिहिलं नाही. दोन्ही पुरांत शहराला नळाचं पाणी देणारी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि उंचावरच्या घरांचेही नळ कितीतरी दिवस कोरडे होते. म्हणून इमारतीला बोअर आहे का, हे वायफायच्या आधी विचारा. पोरं लांबून येतात, त्यांना हे कुणी सांगत नाही.