मदत हवी आहे: १४ आठवड्यांची लस झाली, आता थेट नवव्या महिन्यात या म्हणाले. मधे बाळाला दाखवायचं की नाही? (नाशिक)

सातपूरचा_बाबा
नमस्कार मंडळी. पहिलंच बाळ, मुलगी, साडेचार महिने पूर्ण झालेत. लसी सगळ्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात दिल्या, वेळेवर. १४ आठवड्यांची झाली तेव्हा सिस्टर कार्डावर लिहून म्हणाल्या आता नऊ महिने झाले की गोवर-रुबेलाला आणा. मी म्हटलं मधे काहीच नाही का, तर म्हणे नाही. मागे ही रांग लागलेली, त्यांनाही कुठे वेळ, पण म्हणजे आता एवढे महिने पोरीला कुणी बघणारच नाही का? नि नेमके सगळे प्रश्न आत्ताच सुरू झालेत.

एक म्हणजे वजन. जन्माला २.७ किलो, दीड महिन्याला ४, अडीचला ४.८, १४ आठवड्यांना ५.५. परवा घरच्या काट्यावर मी तिला घेऊन उभा राहिलो आणि माझं वजा केलं तर ५.९ आलं. म्हणजे वेग कमी झाला ना? समोरच्यांचा मुलगा हिच्याच वयाचा, तो साडेसात किलोचा आहे आणि ते दर दोन दिवसांनी सांगतात. हिला फक्त आईचं दूध आहे, वरचं काही नाही.

दुसरं उष्टावण. आमच्याकडे मुलीचं विषम महिन्यात करतात, आता पाचवा चालू आहे म्हणून आई म्हणते याच महिन्यात उरकून घेऊ, मामाला बोलावू, खीर चाटवू, आणि मग हळूहळू डाळीचं पाणी सुरू करू म्हणजे वजनही भरेल. बायकोचं म्हणणं सहा महिने काही द्यायचं नाही. मी मधे सँडविच.

तिसरं, बायकोचं माहेर निफाडकडे, तिकडे थंडी म्हणजे काय ते सांगायला नको, पुढच्या आठवड्यात जायचंय तर तिथे आजी रोज बाळगुटी आणि शेगडीची धुरी करणार हे नक्की. कुणाला कसं समजवायचं? आणि दाखवायला जायचंच तर विचारायचं काय, आम्ही आत गेलो की पाच मिनिटांत बाहेर येतो, काय विचारायचं होतं ते पार्किंगमधे आठवतं.

दोन_पोरांची_आई
इंदिरानगरहून. दाखवायचंच. लस नाही म्हणून तपासणी नाही असं काही नसतं, सहा महिने पूर्ण झाले की मुलांच्या डॉक्टरकडे एक चक्कर मारायचीच, कारण तेव्हा खाणं सुरू होतं, पोरं पालथी पडून सरकायला लागतात, घरात आपटाआपटी सुरू होते, म्हणजे खरी गरज तेव्हा असते आणि सरकारी कार्डात नेमकी तिथेच मोकळी जागा. खाजगीत जाणारे लोक सहा महिने पूर्ण झाले की फ्लूच्या लसीच्या निमित्ताने तरी जातात.

पाच मिनिटांचं म्हणाल तर लसीकरणाच्या दिवशी जाऊच नका. फोन करताना सांगायचं की नुसती तपासणी आणि खाण्याबद्दल विचारायचंय, शांत वेळ कधीची. आणि चिठ्ठीवर तीनच प्रश्न लिहा, दहा लिहिले की डॉक्टर पहिल्या दोनची उत्तरं देतात आणि बाकी गुगलवर. बसल्या बसल्या आधी चिठ्ठीच हातात द्या, शेवटी "अजून एक" म्हणू नका.

निवृत्त_सिस्टर
बाळा, आधी वजनाचं टेन्शन काढून टाक. २.७ ची पोर १४ आठवड्यांत ५.५ म्हणजे दुप्पट झाली, साधारण पाच महिन्यांपर्यंत दुप्पट व्हावं अशी अपेक्षा असते, ती आधीच झाली. पहिले तीन महिने दिवसाला २५-३० ग्रॅम वाढतं, नंतर वेग उतरतोच, १५-२० वर येतो. तुला जे "कमी झालं" वाटतंय त्यातलं बरंचसं हेच आहे. दुसरं म्हणजे घरचा काटा. स्वतः उभं राहून वजा करण्यात पाव किलो इकडे-तिकडे सहज होतं आणि स्वेटर, लंगोट, दुपटं धरलं तर अजूनच. बाळांच्या काट्यावर, कमीत कमी कपड्यात, आणि शक्यतो दरवेळी एकाच काट्यावर.

आता त्या कार्डात मागे आलेख आहे बघ, मुलींचा गुलाबी. किती जण ते पान उघडतात देव जाणे. तुझे चारही आकडे त्यावर टिंब करून जोड. पोर कुठल्या रेषेवर आहे त्याला फार महत्त्व नाही, रेषा वर चढतेय का ते बघायचं. आडवी झाली किंवा खाली वळली तर लगेच दाखवायचं, तेव्हा सहा महिन्यांची वाट बघायची नाही. समोरच्यांच्या मुलाची रेषा निळ्या पानावर, तिचा हिच्याशी संबंध नाही.

दूध पुरतंय का हे वजनाच्या आधी लंगोट सांगतं. दिवसाला सहा-सात वेळा शू, फिकट, आणि पोर जागी असताना तरतरीत, तर पुरतंय. शी दोन-तीन दिवसांनी झाली तरी मऊ असेल तर घाबरायचं नाही.

आणि "कुणी बघणारच नाही" असं नाहीये. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, आपल्या सातपूरला अंगणवाड्या आहेत की, नाव नोंदवलं नसेल तर नोंदव, सहा महिन्यांनंतर बाळाच्या नावाने आहारही मिळतो. आशाताईनेही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात घरी यायचं असतं. नाही आली तर आपण विचारायचं, लाजायचं काय त्यात.

गोदाकाठची
सगळं डॉक्टरी ठीक आहे पण बाळगुटीला एवढं का घाबरता? आमच्या पंचवटीत चार पिढ्या गुटीवर वाढल्या, माझी तीनही मुलं. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, एकेक वळसा उगाळायचा. पोट साफ, झोप शांत.

निवृत्त_सिस्टर
@गोदाकाठची ताई, मीही त्याच गुटीवर वाढले, भांडत नाही. पण झोप शांत लागते ती जायफळाने येणारी गुंगी, तान्ह्या बाळाला गुंगी कशाला? वळसा कुणाचा किती मोठा याला माप नाही, सहाण कुठल्या पाण्याने धुतली माहीत नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांत पाणीसुद्धा द्यायचं नसतं, उन्हाळ्यातही नाही, दुधातच सगळं पाणी असतं. गुटीबरोबर मध चाटवत असाल तर ते मात्र एक वर्षाच्या आत अजिबात नाही, मधातल्या जंतूने बाळ लुळं पडू शकतं, हा आजार खरा आहे. काजळही तसंच, लावायचंच झालं तर तळपायाला तीट लावा, डोळ्यात नको.

@सातपूरचा_बाबा शेगडीचं मात्र कडक राहा. धुराने बाळाची छाती भरते हे एक, आणि दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. आजीला थेट नाही म्हणू नकोस. अंगाला तेल लावणं चालू दे, मालिशला कुणाची हरकत नाही, फक्त नाकात-कानात तेल नाही आणि बाळाची छाती दाबून दूध काढणं नाही. थंडीला टोपी, मोजे, दोन थर कपडे, आणि रात्री झोपताना तोंडावर पांघरूण येणार नाही असं. पाठीवरच झोपवायचं. राईची उशी वगैरे काढून टाका, डोकं गोल व्हायला जागेपणी पोटावर खेळवा, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं.

मुलांचा_डॉक्टर_२
सिस्टरांनी निम्मं काम केलंय. मी ओपीडीतून येऊन दमलोय म्हणून जसं सुचेल तसं लिहितो.

तपासणीला आई-बाबा वजनाचंच विचारतात, विकासाचं कुणी विचारत नाही. साडेचार महिन्यांची आहे ना, मग बघा: मान धरते का, तुम्ही हसलात की हसते का, आवाजाकडे वळते का, खुळखुळा पुढे केला की हात पुढे येतो का, आणि दोन्ही हात सारखेच का. एकच हात वापरते, दुसऱ्याची मूठ कायम बंद, असं असेल तर "डावखुरी होणार" म्हणून हसू नका, वर्षाच्या आत डावं-उजवं ठरत नसतं, दाखवा. तीन महिन्यांनंतरही ओळखून हसत नाही, पाच महिने झाले तरी मान लटपटते, डोळा सतत तिरळा, किंवा फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसते, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

डी जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का? रोज ४०० युनिट, वर्षभर. पण बाटली वाचा, काही कंपन्यांच्या एका मिलीत ४०० असतात, काहींच्या ८००, ब्रँड बदलला की मापही बदलतं. तापाच्या औषधाचं तेच. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिग्रॅ आणि सिरपच्या पाच मिलीत १२०, १२५ नाहीतर २५०, त्यामुळे "अर्धा चमचा द्या" हे वाक्य धोक्याचं. तपासणीला गेलात की आजच्या वजनाला कुठल्या बाटलीतलं किती मिली ते लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. खोकल्याची सिरप घरात ठेवूच नका, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ती द्यायची नसतात.

सहा महिन्यांनंतर लोहाचं विचारा. सरकारी दवाखान्यात आयर्न-फॉलिकचं सिरप मिळतं, एक मिली, आठवड्यातून दोनदा. शी काळी होते, घाबरून बंद करू नका.

सातपूरचा_बाबा
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. आलेखावर टिंबं केली, चढतेय, आईला पण दाखवलं, तिला ते पान आवडलं. मान धरते, हसते, सगळं धरायला जाते, माझा चष्मा पहिला. पण उष्टावणाचं कुणीच बोललं नाही, आई तारीख बघून बसलीय.

नागलीची_भाकर
अहो सोपं आहे की. विषम महिनाच हवाय ना? मग सातवा घ्या! सातवा महिना लागला म्हणजे सहा पूर्ण झाले. तुमच्या आईचंही राहिलं, डॉक्टरचंही राहिलं. आमच्याकडे दिंडोरीला मुलीचं सातव्यातच केलं, कुणी हूं का चूं केलं नाही, उलट गुरुजी म्हणाले चांगलं. खिरीत साखर कार्यक्रमापुरती बोटाच्या टोकाला, किंवा नुसती खारीक शिजवून कुस्करा. रोजच्या खाण्यात वर्षभर मीठ-साखर नाही.

आणि ते डाळीचं पाणी, भाताची पेज, यांनी वजन भरत नाही हो, पाणीच ते. त्यापेक्षा दाट द्यायचं, चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं. नागलीचं सत्व, मऊ खिचडी तुपाची धार टाकून, उकडलेला बटाटा, केळं, घरात चालत असेल तर अंडं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग वाढवत अर्धी वाटी. आईचं दूध चालूच. तुमच्या पोरीच्या खाण्याच्या दिवसांत द्राक्षं आली की एक सांगून ठेवते, अख्खं द्राक्ष बाळाच्या हातात नाही, घशात बरोब्बर बसतं. आपल्याकडे घरोघरी पेटी येते आणि पाहुणे प्रेमाने देतात.

दोन_पोरांची_आई
आणि वॉकर घेऊ नका, बारशाला आला असेल तर माळ्यावर टाका. त्याने पोरं लवकर चालत नाहीत, पायरीवरून मात्र लवकर पडतात. आणि निफाडला कसे जाणार, बाईकवर नाही ना?

सातपूरचा_बाबा
बाईकवरच विचार होता, बायको मागे घेऊन बसेल म्हणून.

मुलांचा_डॉक्टर_२
नको. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर पट्टा लागतो आणि नऊ महिन्यांपासून हेल्मेट, वेग ४० च्या आत, हा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. नऊ महिन्यांच्या आतल्याला हेल्मेट नाही म्हणजे सूट आहे असा अर्थ घेऊ नका, एवढ्या लहान मानेला हेल्मेटचा भारच पेलत नाही, म्हणून न्यायचंच नाही. आणि थंडीत सकाळचं धुकं. एसटीने नाहीतर गाडीने जा, ऊन पडल्यावर निघा.

सातपूरचा_बाबा
ठीक, गाडी बघतो, मेहुण्यालाच बोलावतो, तसंही मामाशिवाय उष्टावण नाही. चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहिले: लोहाचं सिरप, तापाच्या औषधाचं माप, आणि वजन पुन्हा कधी बघायचं. अजून एक, जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती का हे कसं कळणार? आम्हाला काही आठवत नाही.

मुलांचा_डॉक्टर_२
डिस्चार्ज कार्ड काढा, त्यावर "ओएई" (तान्ह्या बाळाची कानाची तपासणी) शेजारी दोन्ही कानांपुढे पास किंवा रेफर (म्हणजे पुन्हा तपासा) लिहिलेलं असतं. रिकामं असेल किंवा रेफर असेल तर सहा महिने थांबू नका, आवाजाकडे वळत असली तरी करून घ्या, एका कानाने ऐकणारं बाळही वळतं. चिठ्ठीवर हा प्रश्न पहिला लिहा, वजनाचा शेवटी.