मुलगा 16 चा, मिडफिल्डर. क्रोएशियाच्या अकादमीत पाठवायचं का?

मानेवाड्याची आई:

नमस्कार मंडळी. माझा मुलगा अकरावीत आहे, 16 पूर्ण झाले. सेंट्रल मिडफिल्डला खेळतो. पायात बॉल छान राहतो असं सगळे म्हणतात, पण उंची साडेपाच फूटही नाही आणि अंगानं अगदी बारीक. गेल्या ट्रायलला "अजून थोडा भरू द्या" म्हणून परत पाठवलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या ग्राउंडवर एक एजंट येऊन गेले. क्रोएशियात दहा महिन्यांचा अकादमी प्रोग्रॅम आहे म्हणतात. राहणं, जेवण, कोचिंग धरून नऊ लाख. वर सांगतात, लुका मॉड्रिच तिथूनच तयार होऊन रियल माद्रिदला गेला, तोही असाच लहानखुरा होता. पोरगं तेव्हापासून जेवणावरसुद्धा लक्ष देत नाही. ह्यांचं म्हणणं, फ्लॅटवर कर्ज काढू, संधी पुन्हा येत नाही.

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण पोराच्या मनाविरुद्ध जायची इच्छाही नाही. म्हणून विचारते: हा मॉड्रिच 16-17 व्या वर्षी नेमका कुठे होता आणि काय करत होता? परदेशी जायचं तर ते याच वयात जावं लागतं का?

धरमपेठचा माद्रिदवाला:

काकू, मॉड्रिच म्हणजे या पिढीचा सगळ्यात मोठा मिडफिल्डर! रियलकडे 13 मोसम, 6 चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा), एकूण 28 ट्रॉफ्या. 2018 ला क्रोएशियाला वर्ल्ड कपच्या फायनलला नेलं, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल घेतला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. त्याआधी दहा वर्षं तो पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो यांच्याशिवाय कोणाला मिळाला नव्हता. 2025 ला चाळिशीला टेकला असताना एसी मिलानला गेला. उंचीचं काही नसते, पोराला अडवू नका.

रेल्वेचा जुना 8 नंबर:

ताई, मी रेल्वेकडून बरीच वर्षं मिडफिल्डला खेळलो, आता सकाळी पोट्ट्यांना शिकवतो. वरच्या भाऊंनी ट्रॉफ्या सांगितल्या त्या बरोबरच आहेत, पण तुम्ही विचारलं ते 16 व्या वर्षाबद्दल. तेच सांगतो, कारण एजंट लोक नेमका तोच भाग गाळतात.

मॉड्रिच झादरकडचा, समुद्रकाठचा. 1991 च्या युद्धात त्याच्या आजोबांना मारलं, घर गेलं, आणि कुटुंब निर्वासित म्हणून झादरमधल्या हॉटेलांत राहिलं. कोलोव्हारे नावाच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये हा बॉल घेऊन असायचा. त्या किनाऱ्यावरचा मोठा क्लब म्हणजे हायदूक स्प्लिट. त्यांनी त्याला लहान आणि अशक्त म्हणून घेतलं नाही, तुमच्या पोराला ट्रायलमध्ये जे ऐकावं लागलं तेच. झादरच्या युवा अकादमीचे प्रमुख तोमिस्लाव बाशिच यांनी मात्र त्याला सोडलं नाही. त्यांच्या खटपटीनं तो 2002 मध्ये क्रोएशियाच्याच डिनामो झाग्रेब क्लबकडे गेला. वय 16. पैसे भरून नव्हे, क्लबला तो हवा होता म्हणून.

आता यापुढचं नीट वाचा. डिनामोनं त्याला मोठ्या संघाच्या बेंचवर शोभेला बसवलं नाही. 2003 मध्ये लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला, पाठवलं. इटली नाही, जर्मनी नाही, शेजारच्या बोस्नियात, मोस्तार शहरातल्या झ्रिन्स्की क्लबकडे. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झालेली. मैदानं खडबडीत, टॅकल कडक, आणि समोर लग्न होऊन लेकरंबाळं असलेले, पगारासाठी खेळणारे डिफेंडर. त्यांच्या मधोमध हा 18 वर्षांचा काडीपैलवान. मोसम संपला तेव्हा तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. बोस्नियाच्या लीगमध्ये जो खेळू शकतो तो कुठेही खेळू शकतो, असं तो स्वतः पुढे म्हणाला आहे.

लगेच रियल? नाही. पुन्हा लोन. झाग्रेबच्या शेजारचा इंटर झाप्रेशिच, छोटा क्लब. तो संघ त्या मोसमात क्रोएशियाच्या लीगमध्ये दुसरा आला, आणि त्यातला पहिला अर्धा मोसम मिडफिल्ड यानं चालवलं. मग 2005 मध्ये डिनामोनं परत बोलावून दहा वर्षांचा करार केला. त्या पैशातून त्यानं झादरला घरच्यांसाठी फ्लॅट घेतला. ताई, तुमच्याकडे फ्लॅट गहाण टाकून सुरुवात करायचं चाललं आहे. क्रमच उलटा होऊन राहिला.

पुढे डिनामोबरोबर सलग तीन लीग, 2006 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध देशाकडून पहिला सामना, आणि 2008 मध्ये इंग्लंडचा टॉटनहॅम. मोठ्या लीगमध्ये पाऊल टाकलं तेव्हा तो 22 वर्षांचा होता आणि त्याच्या मागे मोठ्या माणसांविरुद्ध खेळलेले ढीगभर सामने होते. तरीही सुरुवात जड गेली. टॉटनहॅमला पहिल्या आठ सामन्यांत दोन गुण होते, कोच बदलला, दुसऱ्या मोसमात पायाचं हाड मोडलं. 2012 मध्ये रियलला गेल्यावर काही महिन्यांतच तिथल्या एका क्रीडा दैनिकाच्या वाचकांच्या मतदानात तो त्या मोसमातली सगळ्यात वाईट खरेदी ठरला. यातून जो टिकला तो मोस्तारमध्ये कणखर झालेला मॉड्रिच होता, असं माझं ठाम मत आहे. दहा महिन्यांच्या कोचिंगनं हे येत नाही.

तुमच्या पोराला 16 व्या वर्षी लागतात ते सामने. मोठ्या माणसांविरुद्ध, पूर्ण 90 मिनिटं, निकालाला किंमत असलेले.

मानेवाड्याची आई:

दादा, इतकं मन लावून लिहिलंत, आभारी आहे. मी हे पोराला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणतो, "पण नागपुरात कुठे तशी लीग आहे?" आणि मोठ्या माणसांत खेळताना पाय मोडला तर, ही माझी भीती.

रेल्वेचा जुना 8 नंबर:

त्याला सांगा, आहे. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये कामठीचे, मोमिनपुऱ्याचे क्लब खेळतात, खात्यांचे संघ खेळतात. कामठीत बापानं, आज्यानं फुटबॉल खेळलेली घरं आहेत. तिथल्या तिशीतल्या डिफेंडरला पास करून दाखवणं सोपं नाही. लीगचा दर्जा बोस्नियाएवढा आहे असं मी म्हणत नाही, पण 16 वर्षांच्या पोट्ट्याला जे शिकायचं ते इथे शिकता येते.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. यशवंत स्टेडियमवर लीगचा सामना होता. आमच्याकडचा एक बारीक पोट्टा मिडफिल्डला. पहिल्या हाफमध्ये बॉल आला की आधी तळव्याखाली थांबवायचा, मग वर बघायचा. तेवढ्यात समोरच्या संघातला पोट सुटलेला, चाळिशीकडचा माणूस खांदा लावून बॉल घेऊन जायचा. दर वेळी तेच. हाफ टाइमला मी त्याला एवढंच म्हटलं, बॉल तुझ्याकडे निघाला की तो पोहोचायच्या आत दोन्ही खांद्यांवरून मागे बघ. दुसऱ्या हाफला दहाएक मिनिटांनी ते जमलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, तो माणूस उजव्या बाजूनं येतोय हे कळलं, आणि पहिला स्पर्शच डावीकडे मोकळ्या जागेत. तो माणूस रिकाम्या जागेत खांदा घालून पुढे निघून गेला. पोट्ट्याची ताकद हाफ टाइममध्ये वाढली नव्हती न. मॉड्रिचचा कोणताही सामना लावा आणि बॉलकडे न बघता फक्त त्याच्या मानेकडे बघा, हेच दिसेल.

पायाची भीती खरी आहे, ती मी खोडत नाही. शिनगार्डशिवाय उतरू देऊ नका, आणि आधी सीनियर संघाबरोबर सराव, मग शेवटची वीस मिनिटं, मग हाफ, असं वाढवत न्यायला कोचला सांगा. समजदार कोच तसंच करते.

नोंदणीची कामं पाहतो:

मी एका क्लबची कागदपत्रं सांभाळतो, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. फिफाच्या ट्रान्स्फरच्या नियमांत कलम 19 आहे. 18 वर्षांच्या आतल्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये नोंदणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडे राहायला गेले असतील, किंवा युरोपियन युनियनमधल्या एका देशातून दुसऱ्या देशात 16 ते 18 मधला मुलगा जात असेल, किंवा सीमेलगत राहणारा असेल, अशा गोष्टी. शिकायला गेलेल्यांना एक सवलत आहे, पण ती हौशी क्लबापुरती आणि फार तर वर्षभराची.

म्हणजे तुमचा मुलगा तिथे सराव करेल, मैत्रीचे सामने खेळेल, पण अधिकृत लीगमध्ये क्लबच्या नावानं उतरणं फार अवघड. एजंटला तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या क्लबकडून नोंदणी होणार, कोणत्या लीगमध्ये, आणि कलम 19 च्या कोणत्या अपवादाखाली. फोनवरचं उत्तर धरू नका.

धरमपेठचा माद्रिदवाला:

नियमाचं माहीत नव्हतं, हे चांगलं सांगितलंत. पण दादा, सगळे क्रोएशियन असे थांबत नाहीत. माटेओ कोव्हाचिच 18 व्या वर्षी इंटर मिलानला गेला, 21 व्या वर्षी रियलला. लवकर जाऊनही मोठा झालाच की.

रेल्वेचा जुना 8 नंबर:

भाऊ, चांगलं उदाहरण काढलं, उलट त्यानं माझंच म्हणणं पक्कं होते. कोव्हाचिच 16 व्या वर्षीच डिनामोच्या मुख्य संघात खेळून राहिला होता. जानेवारी 2013 मध्ये इंटरला गेला तोवर त्यानं डिनामोकडून चॅम्पियन्स लीगचे सामनेही खेळले होते. रियलमध्ये त्याच्या पुढे मॉड्रिच, क्रूस, कासेमिरो. तीन वर्षांत तीन चॅम्पियन्स लीगची पदकं मिळाली आणि तरी 2018 मध्ये त्यानं स्वतः क्लब सोडायचा आग्रह धरला, कारण सामन्यात नियमित जागा मिळत नव्हती. जगातल्या सगळ्यात मोठ्या क्लबचं कपाट सोडून माणूस चेल्सीला लोनवर जातो, का, तर खेळायला मिळावं म्हणून. मग चेल्सीकडे 2021 ची चॅम्पियन्स लीग जिंकली, तिथून 2023 मध्ये मँचेस्टर सिटी.

क्रोएशियाचाच मिडफिल्डर ब्रोझोव्हिच घ्या. हर्वात्स्की द्रागोव्होल्याच, लोकोमोटिव्हा, असे छोटे क्लब करत डिनामो, आणि इंटरला गेला तो 2015 मध्ये, 22 वर्षांचा. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्ध जादा वेळेसह 16.7 किलोमीटर धावला, स्पर्धेतला तो विक्रम. म्हणजे सीताबर्डीहून कामठीपर्यंत, तेही मध्ये मध्ये टॅकल करत. ताई, पोराच्या उंचीची काळजी सोडा आणि दमाची घ्या. तो दम आपल्याकडे पहाटे साडेपाचला कमवता येतो, उन्ह चढायच्या आत.

मानेवाड्याची आई:

एजंटांना वरचे तिन्ही प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवले. उत्तर आलं की "ट्रेनिंग पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मिळेल, पुढचं मुलाच्या नशिबावर", आणि शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरून जागा पक्की करा. क्लबचं नाव आलं नाही. ह्यांनी ते वाचलं आणि बँकेचे कागद कपाटात ठेवून दिले. पोरगं दोन दिवस बोललं नाही. काल मात्र स्वतःच मॉड्रिचचा जुना सामना लावून बसला होता, आणि मला म्हणाला, "आई, मानेकडे बघ त्याच्या."

दादा, सीनियर संघाबरोबर सराव करायचा तर त्याच्या आत्ताच्या क्लबला आधी सांगावं लागेल का? अकरावीचे क्लास सकाळी साडेआठला असतात.

रेल्वेचा जुना 8 नंबर:

हाव, आधी क्लबशीच बोला. त्यांच्याकडे सीनियर संघ असेल तर तिथेच जागा मागा, नोंदणीचा प्रश्न येत नाही. नसेल तर मोसम सुरू व्हायच्या आधी क्लब सोडल्याची रीतसर चिठ्ठी घ्या, भांडून निघू नका. सराव साडेपाच ते सात, क्लासला पोहोचते आरामात. कोणत्या बाजूला राहता ते मला खासगी निरोपात कळवा, तुमच्या जवळ पहाटे सराव करणारा सीनियर संघ कोणता ते सांगतो.