मदत हवी आहे: अडखळणाऱ्या मुलासाठी घरच्यांनाही शिकवणारे स्पीच थेरपिस्ट
मुलगा साडेचार वर्षांचा, आम्ही ऐरोलीला राहतो. बोबडा नाहीये, अडखळतो. "आ-आ-आजी" होतं आणि कधी शब्द अडकलाच तर डोळे घट्ट मिटतो, मूठ आवळतो, बघवत नाही. वर्ष झालं, त्यामुळे 'आपोआप जाईल' सांगू नका प्लीज. कानाची टेस्ट नॉर्मल आहे. एका ठिकाणी आठ सेशन केली पण तो आत आणि मी बाहेर बाकड्यावर, घरी काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिडकम प्रोग्राममध्ये सहाच्या आतल्या मुलांना घरी आईबाबाच थेरपी देतात, थेरपिस्ट त्यांना शिकवतो, असं वाचलं, मला तसंच काहीतरी हवंय. सध्या रोज पाच मिनिटं फोन बाजूला ठेवून त्याच्याशी खेळते, त्याचं वाक्य मध्येच पूर्ण करत नाही. सासूबाई मात्र मायेनेच "नीट बोल, श्वास घे" म्हणतात आणि तो गप्पच होतो, म्हणून त्यांनाही मराठीतून समजावणारं कोणी पाहिजे. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांवर काम करणारी सरकारी संस्था माहितीये, पण दोघांची नोकरी, शनिवारच जमतो. ठाणे, ऐरोली, वाशीकडे आईबाबा-आजी सगळ्यांना सोबत बसवून शिकवणारं कोणी आहे का? आणि ऑनलाइन करून कोणाच्या मुलाला फरक पडलाय का?