नवीन पॉवर वीडर पुढे पळतोय, खांदे भरून येतात. काय चुकतंय?

प्रश्न (परभणी):
गेल्या आठवड्यात ७ एचपीचा पेट्रोल वीडर (तण काढायचं मशीन) घेतला. कपाशी चार एकर, दोन ओळींत ४ फूट, जमीन भारी काळी. पाऊस उघडून दोन दिवस झाले म्हणून काल घातला, तर पाती चिखलाने गच्च आणि मशीन उड्या मारत पुढे ओढतंय. लव्हाळ्याचं तणही माजलंय. क्लचचा खटका सतत दाबून धरावा लागतो, शेजारी म्हणतात सुतळीने बांध. बांधू का?

उत्तर (गेवराई):
भाऊ, हात जोडून सांगतो, खटका बांधू नका. तो सुटला की पाती थांबतात, त्यासाठीच दिलाय. माझ्या चुलतभावाने बांधला होता. धुऱ्याजवळ रिव्हर्स टाकला, ढेकळाला अडखळून उताणा पडला आणि मशीन पायावर चढलं. पोटरीला एकवीस टाके. गमबूट होता म्हणून पाऊल वाचलं. तेव्हापासून आम्ही पाती फिरत असताना मागे येत नाही. खटका सोडायचा, पाती थांबू द्यायची, मग वळवायचं.

आता पळण्याचं. भारी रानाला दोन दिवसांत वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर मशीन रानात घाला, चपटा पडला तर थांबा. ओल्यात घातलं की ढेकळं वाळून दगड होतात आणि त्याखालची माती दबून बसते.

मशीनच्या मागचा, खोली ठरवणारा दांडा एक भोक खाली घ्या. हँडल किंचित दाबलं की तो रुततो, मशीन अडतं आणि पाती माती खणतात. पुढे जायचं तेव्हा हँडल सैल सोडा. ओढाताण करायची नाही, खांदे त्यानेच भरतात. पहिली फेरी २ इंच खोल, दुसरी ४. खोडापासून वीतभर लांब राहा, पांढरी मुळी वरच असते. पातीही तपासा, धार फिरण्याच्या दिशेला हवी. डावी-उजवी अदलाबदल झाली तरी मशीन उडतं.

उत्तर (सासवड):
दादा, लव्हाळ्याच्या पट्ट्यात वीडर घालू नका. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ तुटली की झोपलेल्या गाठीही फुटतात. आमचा अर्ध्या गुंठ्यातला लव्हाळा दोन वर्षांत सहा गुंठ्यांत गेला, पात्यांना चिकटलेल्या मातीतून. तिथे खुरपं घ्या, गाठीसकट उपटा. उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी वर आणा, उन्हात तापू द्या, वेचून काढा.

प्रश्न (परभणी):
सुतळी बांधत नाही, सासवडच्या ताईंचंही पटलं. पात्यांत गवत गुंडाळलं की खटका सोडून, इंजिन चालू ठेवून काढलं तर चालेल?

उत्तर (गेवराई):
नाही. इंजिन बंद करा, प्लगची टोपी ओढून काढा, मगच हात घाला. ठिबकची नळी गुंडाळली तरी हेच. आणि मशीन गरम असताना पेट्रोल ओतू नका, बांधावर पाणी प्या, तोवर निवतं.