हिरव्या रंगाशिवाय केलेला जोड म्हणजे निष्काळजीपणा?

निशिगंध: ‘हिरवा रंग न वापरता गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे,’ हे इथल्या कालच्या लेखातले वाक्य वाचून राहवले नाही. हा रंग म्हणजे इंडोसायनिन ग्रीन: तो शिरेतून दिला की रक्त पोचलेले आतडे खास कॅमेऱ्यात हिरवे चमकते, आणि गाठ कापून आतड्याची दोन टोके जिथे जोडली त्या ‘जोडा’ला रक्त मिळते का ते कळते. ओटीपोटात सलाइन भरायचे, वरचे आतडे चिमट्याने बंद करायचे, गुदद्वारातून हवा सोडायची आणि बुडबुडे दिसले तर तिथे टाके घालायचे, या जोड गळतो का ते पाहणाऱ्या जुन्या परीक्षेला खर्च जवळजवळ नाहीच. आणि १९९०च्या ब्रिटिश चाचणीत ती केलेल्या गटात लक्षणे देणारी गळती ४ टक्के, तर न केलेल्या गटात १४ टक्के होती. उलट अमेरिकेतल्या पिलर-३ चाचणीत इंडोसायनिन ग्रीन वापरून ९.० टक्के आणि न वापरता ९.६ टक्के जोड गळले. मग निष्काळजी नेमके कोण?

शल्यविशारद: पुरेसे रुग्ण न मिळाल्याने पिलर-३ मुदतीआधीच थांबवली गेली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. जपानमधील ४१ रुग्णालयांच्या चाचणीत हेच प्रमाण ११.८ वरून ७.६ टक्क्यांवर आले. बुडबुड्यांना फक्त छिद्र कळते. ज्या कडेला रक्तच पोचत नाही ती टेबलावर घट्ट दिसते आणि पुढे काही दिवसांनी सुटते. कॅमेऱ्यात ती कड काळी राहते, म्हणून आतडे आणखी वर कापता येते.

कृष्णाकाठ: तुमचे रंग आणि बुडबुडे चालू द्या, पण जोडावरून मल जाऊ नये म्हणून तो पोटावरूनच बाहेर घेणाऱ्या पिशवीबद्दल कोणी बोलेल का? माझ्या वडिलांच्या जोडातून एकही बुडबुडा आला नव्हता, तरीही पोटावर ‘तात्पुरती’ पिशवी बसली आणि केमोथेरपी संपेपर्यंत राहिली. उन्हाळ्यात पिशवी कातडीला चिकटवणारी चकती सुटायची, कातडी सोलवटायची, पाणी आणि मीठ इतके वाहून जायचे की क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची रक्तातली खूण) वाढून पुन्हा सलाइन लावावे लागले. हे कोणत्या टक्केवारीत मोजता?

शल्यविशारद: स्वीडनच्या २००७च्या चाचणीत गुदद्वाराजवळच्या, म्हणजे खालच्या जोडांपैकी पिशवी नसलेले २८ टक्के, तर पिशवी असलेले १०.३ टक्के गळले. पू होऊन पोट दुसऱ्यांदा उघडण्यापेक्षा सोललेली कातडी परवडते.

कृष्णाकाठ: परवडते ती तुम्हाला, कारण चकती तुम्ही बदलत नाही! कॅमेरा एवढा विश्वासाचा असेल, तर हिरवा उजेड दिसल्यावर पिशवी टाळता का?

शल्यविशारद: किरणोपचार झालेल्या, अगदी खालच्या जोडात नाही टाळत.

निशिगंध: धन्यवाद, म्हणजे स्वतःचाही त्या उजेडावर पुरता भरवसा नाही. कॅमेरा आधीच घेतलेला असेल तिथे रंग जरूर द्यावा, हे मी उदार मनाने मान्य करतो; पण जिथे तो नाही, तिथल्या सर्जनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

शल्यविशारद: ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लेखकाने मागे घ्यावा, एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने. मात्र हवा भरून पाहिलीच नाही, किंवा बुडबुडे दिसूनही पोट तसेच शिवले, तर तोच शब्द मी स्वतः वापरीन.