बर्म्युडा गवतावर राय गवत कधी पेरावं?

प्रश्न: फुटबॉल मैदानावर बर्म्युडा आहे. थंडीत पिवळं पडतं, गोलसमोर तर मातीच दिसते. वरून बारमाही राय (थंडीत हिरवं राहणारं गवत) पेरायचंय. नेमकं कधी?

उत्तर: कॅलेंडर नको, माती बघा. 10 सेंटीमीटर खोलीवर तापमान 22 अंशांच्या आसपास उतरलं की पेरा. त्याआधी पेरलंत तर बर्म्युडा कोवळ्या रोपांना दाबून टाकतं. चौरस मीटरला 50 ते 100 ग्रॅम बी, निम्मं मैदानाच्या लांबीच्या दिशेनं, निम्मं रुंदीच्या दिशेनं टाका. बी मातीला टेकलंच पाहिजे, वरच्या गवताच्या जाळीत अडकलं की उगवूनही वाळतं.

दुसरं उत्तर: उगवणीआधीचं तणनाशक (तणाचं बी उगवतानाच मारणारं) नुकतं मारलंय का? मग थांबा, रायही मरेल.

प्रश्नकर्ता: नाही मारलं. पाणी किती?

उत्तर: उगवेपर्यंत थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. आठवडाभरात हिरव्या सुया दिसतील. ऊन वाढू लागलं की मात्र राय अगदी खाली कापा, बर्म्युडाला उजेड मिळू द्या.