मदत हवी आहे: वाऱ्यात हॉट एअर बलूनचे उड्डाण कधी नाकारावे?

येत्या रविवारी वाईजवळच्या माळावरून सूर्योदयाला हॉट एअर बलूनमध्ये बसायचे ठरले असून, सोबत गुडघेदुखी असलेली 64 वर्षांची आई आहे. जमिनीलगतचा वारा ताशी साधारण 15 ते 18 किलोमीटरच्या पुढे गेला की प्रवासी उड्डाण सहसा टाळतात, कारण उतरताना टोपली आडवी होऊन फरफटत जाऊ शकते, एवढे वाचले आहे. आयोजकांना त्यांची मर्यादा विचारली, तर ‘पायलट ठरवतील’ एवढेच उत्तर मिळाले (ते योग्यच, पण आकडा सांगायला काय हरकत होती?). मोबाइलवरचा अंदाज वाई गावाचा दिसतो. पाचगणीच्या पठाराकडून येणारा वारा त्यात उमटत नाही. तारीख बदलता येते, पैसे परत मिळत नाहीत. उड्डाणापूर्वी सोडलेला चाचणीचा छोटा फुगा वर जाताच झटकन दिशा बदलू लागला, तर पायलट तयार असतानाही आम्ही स्वतःहून थांबावे का?